काट्यावरचं कुंकू

कापूस फुटला की माझी डावी बरगडी दुखू लागते. आज सकाळी जळगावच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या सरकी काढणाऱ्या जिनाकडे चालल्या होत्या. बैलांच्या नाकातून वाफ निघत होती. गाडीवरच्या एका माणसानं मोकळी पऱ्हाटी चाबकासारखी हवेत फिरवली, सुंईऽ असा आवाज झाला, आणि मी भर रस्त्यात दोन्ही हात डोक्यावर धरून खाली वाकलो. गाडीवान हसला. त्याची चूक नाही. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं वाळलेलं झाड, त्यानं लोक चूल पेटवतात. ते माणसाच्या पाठीवर कसं वाजतं हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नाही. वाळक्या बोंडांची टोकं आधी शर्ट फाडतात, मग कातडी. फांदी मोडली तरी मारणारा थांबत नाही, कारण कापूस निघून गेलेल्या शेतात दुसरी फांदी हाताशीच असते.

मी अक्षरं शिकलो ती पत्रकांवर. बेचाळीसात वडील भूमिगत पत्रकं वाटायचे. ती धान्याच्या कणगीत दडवलेली असत, आणि ज्वारीसोबत एखादं बाहेर आलं की मी ते लावून लावून वाचायचो. 'अन्याय' हा शब्द मला 'आंबा'च्या आधी वाचता आला. वडील तुरुंगातून परतले ते छातीचा आजार घेऊन, आणि देश स्वतंत्र झालेला पाहून वर्षाच्या आत गेले. कणगीतली पत्रकं माझ्याकडे राहिली. गावातल्या बायका विहिरीवर मला बघून म्हणायच्या, "हाऊ पत्रकवाला उना! याले भाकर बी छापेलच लागस!" मी रागावत नसे. मला तो मान वाटायचा.

आमचं गाव नरडाण्यापासून तासाभराच्या चालीवर. आमच्या संस्थेचं महाविद्यालय एक, पण जागा तीन. धुळ्याला मुख्य इमारत, जळगावात मेहरूण तलावाच्या अंगाला दुसरी, आणि तिसरा आमच्या गावातला इंटर सायन्सचा वर्ग. संस्थेचे अध्यक्ष नाना आमच्याच गावचे, म्हणून तो मान आम्हाला मिळाला होता. इमारतीसाठी गावानं श्रमदान केलं. मीही दगड वाहिले होते. एकेका घरानं एकेक दार, एकेक खिडकी दिली. दारावर मात्र संगमरवरी पाटी बसली ती नानांच्या नावाची.

वर्गात आम्ही अकरा जण होतो, दहा मुलं आणि एक सिंधू. सिंधू रामदासभाऊंची मुलगी, आमच्या घरामागचंच शेत त्यांचं. तिला डॉक्टर व्हायचं होतं. तिच्या आईनं दोन दिवस बाळंतकळा सोसल्या आणि धुळ्याच्या रस्त्यावर, गाडीतच प्राण सोडला. सिंधू तेव्हा त्याच गाडीत आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. हे तिनं मला एकदाच सांगितलं, कपाशी वेचता वेचता, माझ्याकडे न बघता. रामदासभाऊंनी शब्द दिला होता की गावातल्या वर्गातून इंटर पास झालीस तर पुण्याला पाठवीन. पण गावातला वर्ग बंद पडला तर धुळ्याला खोली घेऊन मुलगी ठेवायची नाही. दोंडाईच्याचं स्थळ तयारच होतं. म्हणजे सिंधूचा सगळा जन्म त्या एका वर्गावर टांगलेला होता आणि ते तिला, मला, सगळ्या गावाला माहीत होतं.

वर्गासाठी रासायनिक तराजू आला तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. काचेच्या पेटीत बसवलेला, पितळी, केसाएवढ्या वजनालाही हलणारा. तो बैलगाडीतून वाजतगाजत आणला. आमच्याकडे कापसाचा हंगाम सुरू होताना काट्याची पूजा होते. हळदकुंकू, तेलाचं बोट, नारळ, आणि मगच पहिलं माप. कापूस मोजणारे धनाभाऊ मापाडी पुढे झाले, त्यांनी काचेचं दार उघडलं, दोन्ही पारड्यांना तेल लावलं, कुंकू लावलं, वरच्या दांडीला हळदीचं बोट ओढलं. मी ओरडलो, "धनाभाऊ, याला बोट लावायचं नसतं!"

धनाभाऊंनी माझ्याकडे लहान लेकराकडे बघावं तसं बघितलं. "काटा तो काटा, भाऊ. कापूसना काय अन् औषधनी पुडीना काय. पूजा नही करी तं खोटं तोलस."

सगळे हसले. बायांनी ओवाळलं. त्या तेलावर धूळ बसली, कुंकवाचं कीट झालं, आणि तो तराजू जो एका बाजूला झुकला तो झुकलाच. दर अमावास्येला कुणीतरी येऊन पुन्हा कुंकू लावून जाई. आम्ही वर्षभर त्यात कणभर काही तोललं नाही.

तोलायला शिकवणारं तरी कोण होतं? पुराणिक सर एकटे रसायनशास्त्राचे अध्यापक, आणि तिन्ही जागांच्या हजेरीपटांवर त्यांचं नाव पूर्णवेळ म्हणून. सोमवारी धुळ्याला तास घ्यायचे, मग एस.टी.नं नरडाणं, चालत आमचं गाव, दोन तास शिकवणं, परत नरडाण्याला जाऊन गाडीनं जळगाव. आठवड्यातून एकदा आमच्या वाट्याला येत, तेही घामानं भिजलेले, आवाज बसलेला. गावात म्हणत, "पुराणिक सर म्हंजे देव शे! तिन्ही लोकमा एकच येळे!" सरही हसायचे, पण हसता हसता नरडाण्याच्या गाडीची वेळ बघायचे.

त्या वर्षी कापूस अमाप आला. नानांची कोठारं भरली आणि उरलेला कापूस आमच्या इमारतीत आला. आधी व्हरांडा, मग मागची खोली, मग अर्धा वर्ग. छतापर्यंत पांढरा ढीग, आणि उरलेल्या जागेत आम्ही अकरा जण शिंकत, खोकत, तंतू गिळत बसलेले. कापसाला एक वास असतो, कोंदट, तेलकट, उन्हात वाळलेल्या चादरीसारखा. तो वास घेत मी मनात पत्रकं रचायचो. रोज एक. प्रत्येकाच्या शेवटी उद्गारचिन्ह.

आणि मग बातमी आली की विद्यापीठाची समिती तिन्ही जागा तपासायला येणार. संलग्नता राहणार की जाणार, ते तिच्या अहवालावर ठरणार. सिंधू मला बांधावर गाठून म्हणाली, "परीक्षा व्हई जाऊ दे. मंग काय बोंबलनं ते बोंबल."

"म्हणजे खोटं बोलू?"

"खोटं कोन बोल म्हने? गप बठ. गप बठाले काय पत्रक लागस का?"

मी गप्प बसेन असं म्हणालो नाही. नाही बसणार असंही म्हणालो नाही. तिला वाटलं मी मानलं.

समितीत तिघे होते. ते येण्याच्या आदल्या दिवशी नानांनी कापसाच्या ढिगापुढे मोठा पडदा लावला, त्यावर भारतमातेचं चित्र. शेतात वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी, ताक, लोणचं, सगळी तयारी. तराजूला पहाटेच ताजं कुंकू लागलं होतं, वर झेंडूचं फूल. तिघांपैकी सर्वांत वयस्कर सदस्यानं पेटीत वाकून पाहिलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं. मग आमच्याकडे वळून अगदी साध्या आवाजात विचारलं, "यात तुम्ही शेवटचं काय तोललंत?"

नाना हसले. "तोलतात की साहेब, रोज तोलतात."

त्या म्हाताऱ्यानं नानांकडे पाहिलंही नाही. तो आम्हा पोरांकडे बघत राहिला. सिंधूनं माझ्या दिशेनं मान वळवली नाही, पण तिचा हात बाकाच्या कडेवर इतका घट्ट होता की नखं पांढरी पडली होती. ते मी पाहिलं. पाहून उठलो.

"काही नाही, साहेब. एकदाही नाही."

मग थांबवेना. पुराणिक सर आठवड्यातून एकदा येतात हे सांगितलं. तिन्ही हजेरीपट शेजारी शेजारी ठेवून बघा म्हटलं. पुढे गेलो आणि भारतमातेचा पडदा ओढला. कापूस खाली घसरला, म्हाताऱ्याच्या पायांवर आला. नानांच्या कपाळावरची शीर उडत होती. सिंधू बाकावर डोकं टेकून बसली होती.

भरीत मात्र समितीनं खाल्लं. खायला कुणी आग्रह केला नाही.

इतक्या दिवसांनी, इथे जळगावात, छापखान्याच्या खिडकीशी बसून मी स्वतःला तोच प्रश्न विचारतो. मी बोलायला हवं होतं का? हो. आजही हो. त्या वर्गातून पास होऊन कुणी औषधाची पुडी बांधली असती तर ती कुणाच्या जिवावर? सिंधूच्या आईसारख्या कुणाच्या तरीच ना? हे मी तिला समजावलं असतं. समजावलं नाही, एवढंच. पत्रकं वाचून वाढलेल्या माणसाला गर्दीशी बोलता येतं. एका माणसाशी बोलायची सवय नसते.

माघात अहवाल आला. शेतं रिकामी होत होती, पऱ्हाट्या उपटून बांधाबांधावर रचल्या होत्या. नानांनी चावडीवर गाव जमवलं. कागद डोळ्यांपुढे धरून त्यांनी एकच कलम वाचलं. प्रयोगशाळेतील तराजूच्या पारड्यांवर तेल, हळद व कुंकू यांचे घाणेरडे थर आढळले, उपकरण निकामी आहे. मग कागदाची घडी घातली.

"भाऊस्होन, आपली पूजाले त्या घाण म्हनतस. आनि वर्ग बंद. यंदा परीक्षा बी नही. हाई बठ्ठं त्यास्ले कोनी दाखाडं? आपलाच पोऱ्यानी!"

धनाभाऊ मापाडी खाली मान घालून बसले होते. त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी पाहून गाव पेटलं असं मला वाटतं, नानांच्या शब्दांनी नव्हे. मी "पुढचं वाचा, पुढची कलमं वाचा" असं ओरडत होतो. कुणी तरी मला मागून चावडीलगतच्या शेतात ढकललं. रामदासभाऊ, ज्यांनी मला लहानपणी खांद्यावर बसवून बोरं तोडू दिली होती, त्यांनी बांधावरची पऱ्हाटी ओढून पहिली मारली.

"मनी पोरनं वाटोळं करं रे तू!"

दुसरी कुणी मारली ते दिसलं नाही. तिसरी, चौथी. मग लाथा. तोंडात माती, मातीत रक्त, नाकासमोर कुणाची तरी टायरची चप्पल. बरगडी मोडली तेव्हा आवाज झाला आणि मला वाटलं पऱ्हाटीच मोडली. एक बाई किंचाळत होती, "मरी जाई तो, सोडा!" ती माझी आई होती. डोळ्यांपुढे काळोखी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट चालू होती. नाना कागद खिशात ठेवत होते, वरच्या नव्हे, आतल्या.

आठ दिवस मी पाठीवर निजू शकलो नाही. पुराणिक सर आले, नेहमीसारखेच घामाघूम, आणि त्यांनी शर्टाच्या आतून अहवालाची नक्कल काढली. धुळ्याच्या कार्यालयात बसून हातानं उतरवलेली. तिन्ही हजेरीपटांवर एकच अध्यापक. इमारतीचा निम्मा भाग कापसाच्या साठवणुकीस. ग्रंथालय नाही. आणि सगळ्यांत शेवटी अट होती. महिन्याच्या आत इमारत मोकळी करावी, उपकरण दुरुस्त करावं, पूर्णवेळ अध्यापक नेमावा. सदस्य पुन्हा पाहणी करतील. समाधान झाल्यास यंदाचे विद्यार्थी परीक्षेस बसतील.

"महिना?" मी विचारलं.

"त्यातले बारा दिवस गेले," सर म्हणाले. "मी धुळ्याचा राजीनामा देऊन इथेच राहायला तयार आहे. तराजू सिंधू साफ करते आहे, मी स्पिरिट आणून दिलंय. धनाभाऊ सोबत बसतात तिच्या. पण कापूस नाना हलवणार नाहीत. वर्ग बंद पडला तर इमारत आयतं कोठार आहे त्यांना."

मी बरगडीवर फडकं आवळून धुळ्याला गेलो. वडिलांच्या ओळखीचा जुळारी एका छापखान्यात होता. त्यानं खिळे जुळवले आणि मी सांगत गेलो. मथळा मोठ्या टायपात घातला: 'पूजेचं कलम वाचलं, कापसाचं का लपवलं?' खाली एकेक निष्कर्ष, प्रत्येकानंतर माझी एक ओळ, प्रत्येक ओळ सुरीसारखी. जागा संपत आली म्हणून अट मी तळाशी बारीक टायपात टाकली. जुळाऱ्यानं विचारलंही, "हे वर घेऊ का?" मी म्हणालो, "नको. आधी लोकांना चीड येऊ दे."

बाजाराच्या दिवशी भर दुपारी मी पत्रक मोठ्यानं वाचलं. मिरच्यांचे ढीग, गुळावरच्या माश्या, ज्वारीच्या गोण्या, आणि मधे उभा मी, एका हातानं बरगडी दाबून. कापसाचं कलम वाचलं आणि बाजार शांत झाला. "श्रमदान कुणाचं, कोठार कुणाचं" ही माझी ओळ वाचली आणि कुणी तरी शिवी हासडली. ज्यांनी मला मारलं होतं तेच आता माझ्यापुढे धावत होते. रामदासभाऊ पुढे. तुराट्यांचा जुडगा पेटलेला कुणाच्या तरी हातात. "पेटाडा त्याना कापूस! पेटाडा!" मी अजून वाचत होतो. अट वाचायची राहिली होती. पण ऐकायला समोर कुणी उरलं नव्हतं, म्हणून मीही पत्रक चुरगाळून त्यांच्यामागे धावलो.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. तोंडात लोखंडाची चव, कानात नगारा, बरगडी दुखायची थांबलेली. इमारतीवर दगड पडत होते. कौलं फुटत होती. दारावरची संगमरवरी पाटी मला दिसली, नानांचं नाव, आणि आम्ही वाहून आणलेल्या दगडांतलाच एक माझ्या हाताला लागला.

दार आतून उघडलं. सिंधू बाहेर आली. तिच्या हातात तराजूची पेटी होती, स्पिरिटनं लख्ख झालेली. ती ओरडत होती, "मी आतमा शे! मी आतमा शे!"

आत माणूस आहे हे ऐकू येईपर्यंत दगड हातातून सुटले होते. सगळ्यांचेच.

ती पडली नाही. पेटी छातीशी धरून दाराला टेकली आणि हळूहळू खाली बसली. डाव्या डोळ्यातून रक्त हनुवटीवर, हनुवटीवरून काचेवर. पेटी फुटली नव्हती. पेटत्या तुराट्या कुणी तरी पायाखाली विझवल्या. धनाभाऊंनी पुढे होऊन पेटी तिच्या हातातून घेतली, तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, बोट नका लावज्यात." मग रामदासभाऊंच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता.

धुळ्याच्या दवाखान्यात डोळा काढावा लागला. तीन दिवसांनी मी गेलो. तिनं उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"अट पहिले वाचाले पाहिजे व्हती तू."

मग ती म्हणाली, "कापूस काढा का?"

काढला होता. नाना जळगावला निघून गेले होते आणि गावानं कापूस गाड्यांत भरून त्यांच्या वाड्यासमोर उघड्यावर ओतला होता. वाऱ्यानं तो गावभर उडाला, बाभळींना लागला, विहिरीत पडला. पुराणिक सर आमच्याकडे राहायला आले होते. रामदासभाऊ रोज वर्गाची जमीन सारवत होते, बायकांना हात लावू देत नव्हते.

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात तो म्हातारा सदस्य एकटाच आला. मोकळा वर्ग पाहिला, हजेरीपट पाहिला. सिंधूनं डोळ्यावर पट्टी बांधून त्याच्यासमोर मीठ तोललं. चिमट्यानं वजनं ठेवली, श्वास रोखून काटा स्थिर होऊ दिला. धनाभाऊ दाराबाहेर उभे होते, हात पाठीमागे बांधून, आपलाच हात आपल्या ताब्यात नसल्यासारखे. म्हाताऱ्यानं वहीत काही लिहिलं. मग फुटक्या कौलांकडे वर पाहिलं, सिंधूच्या पट्टीकडे पाहिलं आणि विचारलं, "मुली, हे काय झालं? इथे काही दंगा झाला का?"

सगळं गाव दारात होतं. दंगा झाला असं लिहिलं गेलं असतं तर वर्ग गेलाच होता. सिंधू शुद्ध मराठीत म्हणाली, "नाही, साहेब. पायरीवरून पडले."

"आणि कौलं?"

"वानरं येतात."

तो आम्हा सगळ्यांच्या तोंडांकडे एकेक करून बघत गेला. माझ्याशी येऊन थांबला. त्याला मी आठवत होतो. ज्या पोरानं पडदा ओढला होता तो पोर. त्याला वाटत होतं, हा बोलेल.

मी बोललो नाही.

वैशाखात आम्ही अकराही जण धुळ्याला परीक्षेला बसलो. सिंधू आता पुण्याला वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीत ती आली तेव्हा मी तिला म्हणालो की हे लिहितो. ती म्हणाली, "लिख. आते वर्ग कोनी बंद करत नही." मग म्हणाली, "तुना दगड व्हता का तो?"

"माहीत नाही. पाटीवर लागल्याचा आवाज आला नाही, एवढं माहीत आहे."

 भाकरी मोडून तिनं माझ्यापुढे ताट सरकवलं.

त्या दुसऱ्या पाहणीचा अहवाल माझ्याजवळ आहे. त्यात सात कलमं आहेत. सहा खरी आहेत. सातवं असं: 'एक विद्यार्थिनी पायरीवरून पडल्याने जखमी झाली असून इमारतीच्या पायऱ्यांना कठडा बसवावा.' गावानं तो कठडा बसवला. लोखंडी, चांगला मजबूत. आमच्या इमारतीला दोनच पायऱ्या आहेत, पोरं त्यांवरून उडी मारून आत जातात. तिथून कुणी कधी पडलं नाही. दगड पडले होते, पुष्कळ हातांतून, आणि त्यातला एक हात माझा होता.